मेंदूला रक्त वाढवणाऱ्या गोळ्या : घ्याव्यात की नकोत?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला नुसतं "आरोग्यावर बोला" असं सांगितलं होतं. आरोग्यावर मी काय बोलणार? मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं अक्कलकोटात मेडिकलचं दुकान चालवलं, एवढीच माझी पात्रता. पण पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे वास्तुशांती केली तेव्हा आपण सगळे चाळिशी-पन्नाशीत होतो. तेव्हा गेटपाशी गप्पा व्हायच्या त्या बोअरला पाणी किती लागलं, मुलाला इंजिनिअरिंगला कुठे घातलं याच्या. आता त्याच गेटपाशी मला विचारतात, "काका, विसरायला लय होतंय, ती जिंकोची गोळी चांगली का हो?" गेल्या वर्षभरात आपल्याच सोसायटीतल्या सात-आठ घरांतून मला हा प्रश्न आला आहे. म्हणून म्हटलं, आरोग्य राहू द्या, या एकाच गोळीवर बोलू.

बोलायचं दुसरं एक कारण आहे, ते आधी सांगून टाकतो. ते न सांगता तुम्हाला उपदेश करणं बरोबर होणार नाही.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांना पाहिलंय, दर गुरुवारी वटवृक्ष मंदिरात जाऊन येताना माझ्याकडे चहाला थांबायचे. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली होती, त्यामुळे अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू होत्या. २०१४ च्या दिवाळीत ते न्हाणीघरात घसरले. डोकं दाराच्या चौकटीला लागलं. रक्त नाही, टेंगूळही फारसं नाही. दोन दिवसांत सगळे विसरले. पुढे दीडेक महिन्यानं वहिनी दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचं काही खरं नाही. काल सदरा उलटा घातला. तुमचं नाव घ्यायचं तर मामंजींचं घेतात. काहीतरी बघा."

मी काय बघितलं? मागे वळून शेल्फकडे बघितलं. जिंको, विनपोसेटिन, बी कॉम्प्लेक्स असं सगळं एकत्र असलेली कॅप्सूल होती. त्यावर त्या महिन्यात स्कीमही होती, दहा डब्यांवर दोन फ्री. वहिनींना दोन डबे दिले, पैसे घेतले नाहीत एवढंच. "मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो यानं, दोन महिने द्या," असं छातीठोकपणे सांगितलं. अण्णा कधी पडले होते का, हा प्रश्न मी विचारला नाही. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत हे विचारायचीही गरज नव्हती, कारण त्या मीच देत होतो.

जानेवारी संपता संपता त्यांचा डावा पाय ओढायला लागला. मग गाडी करून सोलापूरला नेलं, सीटी स्कॅन झालं. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये हळूहळू रक्त साठत गेलं होतं आणि ते मेंदूला दाबत होतं. क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात त्याला. वयस्कर माणसात, त्यातून रक्त पातळ करणारी गोळी चालू असली की, किरकोळ माराने सुद्धा असं होतं, आणि लक्षणं दिसायला काही आठवडे जातात. कवटीला छिद्र पाडून ते रक्त काढलं. चौथ्या दिवशी अण्णांनी मला माझ्या नावानं हाक मारली आणि दुकान कुणावर टाकून आलास म्हणून विचारलं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांची यादी मागितली, तेव्हा ती कॅप्सूल मी त्यांच्यापुढे ठेवली. मी विचारलं, "यानं झालं का?" ते म्हणाले, "यानंच झालं असं मी म्हणू शकत नाही. मार लागला होता, दोन गोळ्या होत्या. पण तिसरी कशाला वाढवलीत?" आणि थोडं थांबून म्हणाले, "दोन महिने वाया गेले ते जास्त वाईट." अण्णा त्यानंतर सहा वर्षं चांगले जगले, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचलं. आज तेच सांगतोय.

आता "रक्तपुरवठा वाढवणं" म्हणजे काय ते बघू. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, साधारण सव्वा ते दीड किलो. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सहावा-सातवा हिस्सा तो एकटा घेतो, मिनिटाला सुमारे ७५० मिलिलिटर. आणि हे रक्त किती घ्यायचं ते मेंदू स्वतः ठरवतो. आपल्या वरच्या टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह आहे ना? खालून मोटार जोरात चालली तरी टाकी भरली की व्हॉल्व्ह बंद होतो. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचं तसंच आहे. दाब वाढला तर त्या आकसतात, कमी झाला तर पसरतात, आणि प्रवाह जवळजवळ तेवढाच ठेवतात. निरोगी माणसानं गोळी घेऊन तिथे जास्त रक्त पाठवू म्हटलं तरी मेंदूला ते नको असतं.

बिघाड होतो तो पाइपलाइनमध्ये. कुरनूर धरणात पाणी भरपूर आहे, पण गल्लीतला पाइप क्षारांनी भरलाय, तर नळाला धार कुठून येणार? वर्षानुवर्षं चढलेला बीपी, साखर, तंबाखू, कोलेस्टेरॉल यांनी मेंदूतल्या केसाएवढ्या वाहिन्या कडक होतात, बुजतात. असा बुजलेला पाइप कुठल्याही पाल्याच्या अर्कानं उघडल्याचं अजून कुणी दाखवलेलं नाही. आणि सगळा विसरभोळेपणा रक्त कमी पडल्यामुळे असतो असंही नाही. अल्झायमर हा मुळात मेंदूच्या पेशींचा आजार आहे. अण्णांचं कारण आणखी वेगळंच निघालं.

जिंकोबद्दल मात्र न्यायानं बोलायला हवं, कारण त्या झाडाची चाचणी प्रामाणिकपणे झाली आहे. जिंको हे मूळचं चीनचं झाड, पंख्यासारखं पान. फार चिवट, १९४५ साली हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा होरपळलेल्या जिंकोंना पुन्हा पालवी फुटली आणि त्यातली काही अजून उभी आहेत. जर्मन लोकांनी त्याच्या पानांचा ठरावीक प्रमाणाचा अर्क काढला. रोज २४० मिलिग्रॅम हा त्याचा डोस. तिथे डॉक्टर हा अर्क स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांना देतात, आणि सहा महिन्यांच्या काही चाचण्यांत अशा रुग्णांना थोडा फायदा दिसला आहे. काहींत दिसला नाही.

पण आपला प्रश्न वेगळा आहे. आपल्याला विचारायचंय की आज ठीक आहे, पुढे विसरू नये म्हणून घेऊ का? त्यासाठी अमेरिकेत मोठी चाचणी झाली. पंचाहत्तरीच्या पुढचे ३,०६९ लोक घेतले. अर्ध्यांना जिंको, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. सहा वर्षं हे चाललं. २००८ साली निकाल आला : स्मृतिभ्रंश दोन्हीकडे सारखाच. फ्रान्समध्ये सत्तरीच्या पुढच्या, विसरण्याची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेलेल्या २,८०० च्या वर लोकांवर पाच वर्षं असंच केलं, निकाल २०१२ मध्ये आला. तोही तसाच. म्हणजे आपल्यासारखीच ती माणसं, आपल्यासारखीच काळजी, आणि पाच-सहा वर्षं रोज गोळी घेऊन हातात काही नाही. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तर स्मृतिभ्रंश टाळायला बी आणि ई जीवनसत्त्वं, माशाच्या तेलातली मेदाम्लं, किंवा ही सगळी एकत्र केलेली पूरकं देऊ नयेत असंच सांगितलं.

धोका किती? इथेही मी भीती घालणार नाही. त्या अमेरिकन चाचणीत एकूण रक्तस्राव जिंकोवाल्यांत ठळकपणे जास्त निघाला नाही. मेंदूत रक्तस्राव होऊन झालेला झटका जिंकोच्या बाजूला १६ जणांना आणि दुसऱ्या बाजूला ८ जणांना आला. आकडे इतके छोटे की तो योगायोगही असू शकतो, असंच शास्त्रज्ञ म्हणतात. पण अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या सत्तर वर्षांच्या माणसानं जिंको सुरू केल्यावर आठवड्याभरात डोळ्यात रक्त उतरल्याची नोंद १९९७ पासून आहे, तशा नंतरही आल्या. माझा हिशेब साधा आहे. फायदा शून्याच्या जवळ असेल तर त्यासाठी छोटासा धोका तरी का पत्करायचा? ज्यांना अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा तसली कुठलीही गोळी चालू आहे, त्यांनी तर मुळीच नाही. दाढ काढायची असेल, मोतीबिंदूचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं असेल, तर असली कॅप्सूल चालू आहे हे डॉक्टरांना आधीच सांगा. लोक सांगत नाहीत. "ते काय औषध थोडंच आहे," म्हणतात.

विनपोसेटिनचं थोडक्यात. व्हिंका नावाच्या युरोपीय वेलीतल्या द्रव्यापासून हंगेरीत हे तयार झालं. स्मृतिभ्रंशावर ठोस उपयोग सिद्ध झालेला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं बजावलं की यानं गर्भपात होऊ शकतो, गर्भाला इजा होऊ शकते, मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी घेऊ नये. तुम्ही म्हणाल, आमचं काय त्यात? पण डबा टेबलावर असतो, आणि वर लिहिलेलं असतं एकाग्रता, स्मरणशक्ती. स्पर्धा परीक्षेला बसलेली सून किंवा नात त्यातली एक घेते की नाही? जाता जाता, ही व्हिंका म्हणजे आपल्या अंगणातली सदाफुली नव्हे, फक्त लांबची नातेवाईक. सदाफुलीत कॅन्सरवरची जालीम औषधं निघतात. सकाळी फिरताना कुंपणावरची सदाफुलीची पानं चावणारे दोघे मला माहीत आहेत, शुगरसाठी म्हणून. ते इथे बसलेत. त्यांनी ते आजपासून थांबवावं ही विनंती.

आता "आमचं आयुर्वेदिक आहे, त्याला साइड इफेक्ट नाही" हे. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं ब्राह्मीवर बरंच काम केलं आहे आणि काही छोट्या चाचण्यांत आठवण ठेवण्यात थोडी सुधारणा दिसली आहे. पण पहिली अडचण, ब्राह्मी कुठली? पाणथळ जागी होणारी जलब्राह्मी वेगळी, गोल पानांची मंडूकपर्णी वेगळी, आणि बाजारात दोघींनाही ब्राह्मी म्हणतात. आपल्याकडे कानडी घरांतून ओंदेलगाची चटणी करतात, ती मंडूकपर्णी. चटणीला माझी काही हरकत नाही.

दुसरी अडचण मोठी आहे, आणि ती आपल्या मुंबईतच सापडली. केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांकडे फिट्स येणारे दोन रुग्ण होते. फेनिटॉइनवर आजार आटोक्यात होता, आणि अचानक फिट्स परत सुरू झाल्या. रक्तातलं फेनिटॉइन कमी झालेलं. शोध घेतला तेव्हा कळलं, दोघेही शंखपुष्पीचं औषध घेत होते. मग त्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून पाहिला, तिथेही फेनिटॉइनची पातळी उतरली. १९९२ साली हे छापून आलं. म्हणजे बुद्धी वाढावी म्हणून दिलेल्या सिरपनं फिट आणली. मी हे वाचलं तेव्हा दुकान सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती आणि फेनिटॉइन आणि शंखपुष्पी मी एकाच पिशवीत घालून दिलेली आहेत, किती वेळा ते स्वामींना माहीत. शिवाय २००४ साली अमेरिकेतल्या बोस्टनमधल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिसं तर मेंदूचंच शत्रू.

आणखी एक गोळी, ती पूरक नाही, खरं औषध आहे, पण लोक ती "डोक्यातलं रक्त फिरायला" म्हणून वर्षानुवर्षं घेतात. चक्करेची सिनारिझिन. चार-आठ दिवस डॉक्टरांनी दिली तर ठीक. जुन्या चिठ्ठीवर सहा-सहा महिने घेतली तर उतारवयात हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं असं होऊ शकतं, अगदी कंपवातासारखं. बंद केल्यावर बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. ज्यांच्या घरी ही पट्टी कायम असते त्यांनी डॉक्टरांना दाखवून यावं. अर्धांगवायूनंतर सिटिकोलीन, पिरासिटाम चालू असेल त्यांनी मात्र माझं भाषण ऐकून परस्पर काही बंद करू नये. त्यांचे पुरावे कमकुवत आहेत. सिटिकोलीनची २,२९८ रुग्णांवरची चाचणी २०१२ मध्ये निष्फळ ठरली. पण तो निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून घ्यायचा.

तुम्ही विचाराल, मग हे विकतात कसे? डबा फिरवून बघा. बहुतेक डब्यांवर औषधाचा परवाना नसतो, एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर असतो, जो फरसाणच्या पाकिटावरही असतो. कायद्यानं ते अन्न आहे. अन्नाला रोग बरा करून दाखवावा लागत नाही. औषधाच्या बाबतीत मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढवण्याचा दावाच करता येत नाही, नियमांच्या शेड्यूल जे मध्ये ते लिहिलेलं आहे. म्हणून डब्यावर शब्द असतात "साहाय्यक", "पोषक", "तल्लखपणासाठी". आणि आमच्या बाजूचंही सांगतो, आता दुकान मुलाकडे आहे म्हणून सांगायला हरकत नाही. किंमत नियंत्रणातल्या बीपीच्या गोळीवर दुकानदाराला १६ टक्के सुटतात. या डब्यांवर किंमतीचं नियंत्रणच नाही, कंपनी देईल ती मार्जिन आणि वर स्कीम. काउंटरवरचा मुलगा कुठला डबा पुढे सरकवणार?

मग करायचं काय? विसरायला होतंय तर आधी कारण शोधा. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणे साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख. संख्या मोठी आहे, पण उरलेल्या नव्वदच्या वर लोकांना तो नाही हेही त्यातच आलं. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणं वेगळं. पडल्याचा इतिहास, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, उदासी, आणि बी-१२. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुणे परिसरातल्या पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ साली छापलं, तर ६७ टक्क्यांत बी-१२ कमी. आपण बरेचसे शाकाहारी, त्यात मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे; दोन्हींनी ते आणखी उतरतं. ही एक गोष्ट अशी आहे की कमी असेल तर गोळीनं किंवा इंजेक्शननं खरोखर फरक पडतो. तपासून घ्या, कमी निघालं तर घ्या.

दुसरं बीपी. अमेरिकेत वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवून पाहिला, २०१९ मध्ये निकाल आला, तर स्मृती कमी होण्याची पहिली पायरी सुमारे १९ टक्क्यांनी कमी झाली. कुठल्याही कॅप्सूलला एवढं जमलेलं नाही. पण १२० चा आकडा ऐकून घरी गोळी दुप्पट करू नका, उठल्यावर चक्कर येऊन पडलात तर पुन्हा अण्णांचीच गोष्ट. दोन महिन्यांच्या डब्यांच्या पैशात बीपीचं मशीन येतं. कडक भाकरीबरोबरची शेंगाचटणी सोडा असं म्हणायची माझी हिंमत नाही, सोलापूर जिल्ह्यात राहायचंय मला. पण मीठ तिच्यात निम्मं करता येतं, आमच्या घरी केलंय. पहिला आठवडा बेचव लागते.

तिसरं, कान. लान्सेटच्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, त्यात ऐकू कमी येणं हे मोठ्या कारणांपैकी एक. आपल्या मीटिंगला मागे बसून मान डोलावणारे किती जण आहेत ते मला इथून दिसतंय. कानाच्या मशीनची लाज वाटते आणि मेंदूच्या गोळीची वाटत नाही, हे मला कधी समजलं नाही.

कुणाला स्मृतिभ्रंशाचं निदान झालंय, रक्त पातळ करणारं काही चालू नाही, फिट्स नाहीत, आणि डॉक्टर म्हणाले जिंको देऊन पाहू, तर जरूर घ्या. सहा महिन्यांत घरच्यांना फरक वाटला नाही तर बंद करा. एवढी जागा मी त्याला देतो.

आणि तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर गोळी शोधत बसू नका. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सोलापूर चाळीस किलोमीटर. गुरुवारची किंवा पौर्णिमेची गर्दी असेल तर गाव ओलांडायलाच किती वेळ जातो ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा लगेच निघायचं.

शेवटचं. येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी आपल्या हॉलमध्ये बसणार आहे. घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या गोळ्या, सिरपं, चूर्णं, मुलानं परदेशातून पाठवलेले डबे, पिशवीत घालून आणा. डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही आणा. मी काही बंद करणार नाही, तो माझा अधिकार नाही. कशाबरोबर काय चालत नाही त्याची यादी करून देईन, ती तुम्ही डॉक्टरांना दाखवा. वहिनींनीही त्यांची पिशवी आणायची आहे, त्या मागच्या रांगेत बसल्यात, त्यांना कुणीतरी जोरात सांगा.